चादरीत नसलेली इंदू

इंदूचा फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. तो उचलायचा नाही, हे ठरलेलं. त्या सकाळी तो वाजतच राहिला. मी ह्यांच्या पाठीखाली दोन्ही हात घालून त्यांना डाव्या कुशीवर वळवत होते, एक गुडघा पलंगावर टेकलेला, केस तोंडावर आलेले. अशा वेळी बाईला फोन उचलता येत नाही, हे जगात कुणाला नाही तरी इंदूला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आधी मला रागच आला. "काय गं तुझं, हात मोकळे नाहीत माझे," असं मोठ्यानं बडबडत मी ह्यांच्या पाठीशी उशी लावली, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. पलीकडून तिची मुलगी बोलत होती, रातोरात अकलूजहून आलेली. "मावशी, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. आदल्या संध्याकाळी ओट्यापाशी भाकरी थापता थापता इंदू खाली बसली ती उठलीच नाही, हे मला नंतर कळलं. आदल्या संध्याकाळी तिची रिंग आली नव्हती खरी, पण घरात पाहुणे असले की तसं व्हायचं. पाहुणे असतील, असंच मी धरून चालले होते.

फोन ठेवला आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "अहो, इंदू गेली." हे माझ्याकडं बघत होते. लकव्यानं ह्यांची उजवी बाजू गेली तशी वाचाही गेली, आणि का कोण जाणे, एकच शब्द मागं राहिला. चहा आणू का म्हटलं तरी तोच, पाऊस आला म्हटलं तरी तोच. "बरं," हे म्हणाले. एरवी मला त्या शब्दाचं हसू यायचं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

इंदू माझी मैत्रीण होती असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं की आमचं जाणंयेणं असेल. ते जवळजवळ नव्हतंच. मी जुळे सोलापुरात, ती अक्कलकोट रोडच्या अंगाला, आणि दोघींच्याही घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस. माझे हे, तिच्या सासूबाई. मी जन्मभर हायस्कुलात मुलं दामटली, ती माढ्याकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन आलेली, नवरा एसटीत ड्रायव्हर. एरवी आमची गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. पडली ती स्नेहल मॅडममुळं. या मॅडम म्हणजे तरुण डॉक्टर. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांचं काय होतं, यावर त्यांनी अभ्यास केला होता. वर्षभर गल्लीबोळांतून घरोघर फिरल्या होत्या, आमच्याही घरी आल्या होत्या, चहा न घेता. त्यातून जे निघालं ते त्यांनी मोठ्या लोकांपुढं पडद्यावर दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेले. "ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच ते परत पोचत नाही, काकू," असं एकदा माझ्याजवळ त्या हताश होऊन म्हणाल्या. त्या सगळ्या अभ्यासाचं सार साध्या मराठीत सांगायचं तर एवढंच होतं की करणाऱ्या माणसाकडं कुणी बघत नाही, आणि हळूहळू ते माणूसही स्वतःकडं बघायचं सोडून देतं.

मग त्यांच्या डोक्यात आलं की हे सोलापूर आहे, तर चादरच विणू. करणाऱ्यांनीच चित्रं काढायची, आणि त्यांची एक मोठी चादर करून दवाखान्याच्या हॉलमध्ये लावायची. मला ते खूळ वाटलं, पण शनिवारी दुपारी तेवढ्या वेळापुरती नर्सिंगची मुलगी घरी येऊन ह्यांच्याजवळ बसणार होती. खरं सांगते, मी कलेसाठी गेले नाही. घराबाहेर पडायला मिळतंय म्हणून गेले. सगळ्याच तशा आल्या होत्या. पहिल्या दिवशी आम्ही सतरंजीवर बसलो आणि कुणालाच बसवेना. जो तो फोनकडं बघतोय. चादरींची डिझाईनं करणारे श्रीनिवास मास्तर ग्राफचा कागद कसा भरायचा ते समजावत होते. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या पुठ्ठ्याचं एकेक भोक, चौकोन भरला की तिथं पांढरा धागा वर येणार, सोडला की मरून रंगाचा. त्यांचं सांगणं चाललेलं असताना माझ्या शेजारची बाई चक्क झोपली. कागदावर गाल टेकून, तोंड उघडं टाकून, अशी गाढ की घोरायला लागली. माझ्यातली शिक्षिका जागी झाली, मी तिला कोपरानं ढोसणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात धरला. "झोपू दे त्यांना," त्या म्हणाल्या. दुपार संपेपर्यंत ती झोपली होती. उठली तेव्हा गालावर शाईचे डाग, आणि घाबरून पहिला प्रश्न, "आत्याबाईंनी हाक मारली का वो?" ती इंदू, आणि आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

पुढच्या शनिवारी ती शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन आली आणि सगळ्यांना वाढत सुटली, बहुधा घोरण्याची भरपाई म्हणून. चित्रात तिनं धान्य पाखडायचं सूप काढलं. सासूबाईंना ओळख उरली नव्हती, सुनेलाच आई म्हणायच्या, दिवसभर घरभर फिरायच्या आणि दार दिसलं की बाहेर. मग इंदूनं त्यांच्यापुढं ज्वारीचं सूप ठेवलं. त्या निवडत बसायच्या. संध्याकाळी त्या झोपल्या की इंदू तेच खडे गोळा करून पुन्हा त्याच ज्वारीत मिसळायची. "दुसऱ्या दिशी परत निवडत्यात की," ती हसत सांगायची, "आमच्या घरातली ज्वारी सगळ्या सोलापुरात लई निवडलेली हाय, पर खडे काय संपत न्हाईत." पुढं म्हातारीचा खुबा मोडला आणि ती अंथरुणाला लागली, तरी चादरीवर तिची बोटं खडे वेचल्यासारखी चालतच राहिली. मी ह्यांच्या चपला काढल्या. दुसरा झटका येईपर्यंत हे काठी धरून चालायचे, उजवा पाय ओढत. त्या पायाची चप्पल पार घासून गेली होती, डावी कोरीच. चौकोनांत घासलेली चप्पल काढणं किती अवघड, ते ज्यानं काढली त्यालाच ठाऊक.

रिंगांचं सुरू झालं ते तिथंच. पडून असलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळानं बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं, पण दिवसाच्या रगाड्यात वेळ टळायचीच. एक दिवस इंदू म्हणाली, "बाई, तुमी कूस बदलली की मला रिंग द्या. मी बदलली की मी देते. मंग इसरायला व्हत न्हाय." शेवटपर्यंत ती मला बाईच म्हणायची, वयानं बरोबरीची असून. रिंग दोनदा वाजली की समजायचं, तिकडची कूस झाली. त्यात काय असतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण माणसाला उचलून वळवताना घरात दुसरं कुणी नसतं, कंबर भरून येते, आणि जो वळवला जातो तो काही बोलत नाही. अशा वेळी शहराच्या त्या टोकाला कुणीतरी आत्ताच हेच केलंय, हे कळणं... मला त्यासाठी नीट शब्द सापडत नाही. तिचा नवरा, आण्णा, एकदा वैतागून म्हणाला होता म्हणे, "कोन सारखं रिंगा देतंय?" तर ती म्हणाली, "बाईंच्या मालकांची कूस झाली." मला ते सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

चित्रं पुरी झाली तेव्हा मास्तरांनी सगळे कागद जोडून जमिनीवर अंथरले. आम्ही भोवती उभ्या राहिलो. सूप होतं, चपला होत्या, म्हातारं माणूस बाहेर जाऊ नये म्हणून दाराला उंचावर बसवलेली कडी होती, नाकातली नळी, सलाईनची बाटली, पाण्याची गादी, खाटेवर पाय पोटाशी घेतलेली म्हातारी, खुर्चीत कललेला एक मुलगा. फार सुंदर दिसत होतं, मी खोटं कशाला बोलू. मास्तर डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, पलंग आहेत, आजारी माणसं आहेत, पण करणारं माणूस एकसुद्धा नाही." आम्ही पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं. इतक्या जणी, इतके शनिवार, घरातला एकूण एक चमचा आठवून काढला होता, आणि स्वतःला काढायचं एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्या हसलो, आणि मग एकदम कुणीच हसेना.

मी म्हटलं, राहिलंय तर भरून काढू, अजून पुठ्ठे कापलेले नाहीत. अपुरी वही तपासायला देऊ नये, हा माझा जन्माचा हट्ट. इंदू म्हणाली, "न्हाय. ऱ्हाऊ द्या असंच. हेच खरं हाय की." मी म्हटलं, चूक ती चूक. ती म्हणाली, "चूक हाय म्हनूनच दावायची. काढलं तर लोक म्हनतील, वा, चांगल्या दिसत्यात बाया." आमची चांगलीच जुंपली. मी तिला अडाणी म्हणाले नाही, पण माझ्या आवाजातून ते तिला ऐकू गेलं असणार, कारण तिनंही मला "तुमी शाळा सोडली, शाळेनं तुमाला सोडलं न्हाय" असं सुनावलं. सगळ्यांनी तिचीच बाजू घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. रिंगा मात्र चालू होत्या, एकही चुकली नाही. अबोला धरायचा पण कूस झाल्याचं कळवायचं, असलं भांडण मी दुसऱ्या कुणाशी केलेलं नाही. चादर विणून आली तेव्हा इंदूनंच माझा हात धरून मला चादरीपुढं नेलं आणि चपलांवरून बोट फिरवत म्हणाली, "बगा, घासलेली कळतीया."

चादर भिंतीला लावू द्यायला इंदू तयार नव्हती. आपल्या चादरीला पाठ नसते, पुढं मरूनवर पांढरं तर मागं पांढऱ्यावर मरून, दोन्हीकडून तीच नक्षी. म्हणून ती हॉलच्या मधोमध नळीला टांगली, लोकांना भोवती फिरता यावं म्हणून. शनिवारी इंदू तिच्याजवळ उभी राहायची. नंबर लागायची वाट बघत बसलेल्यांना ती म्हणायची, "या चादरीत कोन न्हाय, सांगा बरं." लोकांना तो खेळच झाला. कुणी म्हणे डॉक्टर नाही, कुणी म्हणे देव नाही. एक म्हातारा मागच्या बाजूला जाऊन आला आणि गंभीरपणे म्हणाला, "मागं बी न्हाय." पोरंबाळं सोबत असलेल्या बायांना इंदू हळूच उत्तर फोडून सांगायची, लबाड कुठली. आणि कधी कधी, आजाऱ्याच्या चाकाच्या खाटेला हात धरून आलेली एखादी बाई चादरीकडं नुसती बघत राहायची आणि डोळे भरून म्हणायची, "करनारी न्हाय." मग इंदू तिला पलीकडच्या टेबलाशी नेऊन बसवायची. तिथं आजाऱ्याचं नव्हे, सोबत आलेल्याचं बीपी बघायचे, साखर बघायचे. मॅडमच्या पडद्यावर जे कुणाला पोचलं नव्हतं ते इथं पोचत होतं. माझ्या शेजारची एक सून त्या टेबलावरूनच दवाखान्यात भरती झाली आणि वाचली.

आणि आता मला ते सांगायचं आहे ज्यासाठी इतके दिवस लिहायला बसवत नव्हतं. इंदूला बीपी होतं. तिच्या मुलीनं मला सांगितलं, "गोळ्या लिहून दिल्या व्हत्या की मावशी. आजीचं औषध आणायला जायची, तिचं आणायची, स्वतःचं ऱ्हायचं." मी तिला स्वतः विचारलं होतं, त्या टेबलाशी उभं राहून, "इंदू, तू दाखवलास का हात?" तिनं डोळे न हलवता सांगितलं, "परवाच दावला की. लई झ्याक हाय म्हनाल्या मॅडम." मॅडमना विचारलं तर त्यांना तिनं सांगितलेलं, बाईंच्या डॉक्टरांकडं दाखवते म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. मला जमत नाही. मला तिचा राग आला आहे. ओट्यापाशी भाकरी थापताना, कपाळात कळ आली तेव्हा ती काय म्हणाली असेल, ते मला ठाऊक आहे. आत्याबाईंची कूस व्हायची ऱ्हायलीय, असंच म्हणाली असेल.

दहाव्यानंतर मी तिच्या घरी गेले. नर्सिंगच्या त्याच मुलीला ह्यांच्याजवळ बसवून. बाहेरच्या खोलीत नातेवाईक बसले होते आणि म्हातारीचं काय करायचं, यावर बोलत होते. कुणी म्हणालं आश्रमात ठेवू, कुणी म्हणालं इंदूची मुलगी नेईल, मुलगी म्हणाली माझ्या सासरी कसं नेऊ. इंदूचा पुण्याला असलेला मुलगा फोनवर काहीतरी बघत होता. आण्णा भिंतीला टेकून खाली मान घालून. आत म्हातारी पाठीवर पडली होती, बोटं चादरीवर चाललेली. मी म्हटलं, "यांची कूस कधी बदलली?" सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. चादरीपुढं उभे राहिलेले लोक पाहायचे तसंच अगदी. मी आण्णाला आत बोलावलं. तो दाराशीच थांबला. एवढी मोठी एसटी घाटातून नेणारा माणूस आईच्या खाटेजवळ यायला घाबरत होता. "मला सवय न्हाय, बाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "तिला तरी आईच्या पोटातून होती का?" आणि त्याचा एक हात म्हातारीच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून दाखवला. मग गुडघ्यांमध्ये उशी, पाठीशी उशी. म्हातारीनं डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आई कुटं गेली?" आण्णानं तोंड फिरवलं. मी निघाले तेव्हा तो तसाच तिथं उभा होता. पुढं त्यांनी काय ठरवलं ते मला कुणी कळवलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

त्यानंतरचे दिवस फार मोठे होते. कूस बदलली की माझा हात आपोआप फोनकडं जायचा. एकदा मी चुकून रिंग दिलीच. पलीकडं ती वाजली, एकदा, दोनदा, आणि मी विस्तवाला हात लागल्यासारखा फोन ठेवला. त्या घरात कुणीतरी ती ऐकली असेल, काय वाटलं असेल त्यांना, म्हणून दिवसभर मी खजील झाले होते. ह्यांच्याशी बोलायची सवय मला आहे, पण बोलणं आणि सांगणं यात फरक असतो. माझा दिवस कुणाला सांगण्यासारखा उरला नाही. शेजारी येतात, बसतात, ह्यांची चौकशी करून जातात. सगळे ह्यांचीच चौकशी करतात.

परवाच्या शनिवारी मॅडमनी मला इंदूच्या जागी उभं राहायला सांगितलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी उभी राहिले, पण इंदूसारखं मला कुठलं जमायला! वर्गात प्रश्न विचारावा तसं मी खड्या आवाजात विचारलं, "या चादरीत कोण नाही?" बाकावरचे लोक घाबरून सावरून बसले. मग चाकाच्या खुर्चीतल्या आईला घेऊन आलेला एक माणूस म्हणाला, "ती बाई न्हाय आज. हसून इचारायची ती." तो उत्तर देत नव्हता, चौकशी करत होता. चादरीच्या कोपऱ्याला इंदूचं सूप होतं, तिथं मी हात लावला. त्या माणसाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. पुढं गेले, टेबलाशी बसले, आणि बाही वर करून सिस्टरांपुढं हात ठेवला. माझंही बीपी वाढलेलं निघालं. सिस्टर रागावल्या, मी ऐकून घेतलं, गोळ्या घेऊन घरी आले.

संध्याकाळी ह्यांना कुशीवर वळवत होते. पाठीशी उशी लावली आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर इंदूचं नाव. तो एकदाच वाजला आणि थांबला. तिचा दोनदा वाजायचा. मी फोनकडं बघत उभी राहिले, तो पुन्हा वाजेल म्हणून, कुणाचं काही काम असेल म्हणून. वाजला नाही. नवख्या माणसाची रिंग होती ती, मोजून द्यायची असते हे ठाऊक नसलेल्या. मग मी त्याच नंबरावर रिंग दिली, दोनदा वाजू दिली आणि ठेवली.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "इंदूच्या आत्याबाईंची कूस झाली."

"बरं," हे म्हणाले.